चावी कोणाकडे

हौशी लोकांच्या घरांत आता व्हिडिओ गेमची जुनी उभी मशिन्स पुन्हा येऊ लागली आहेत. एके काळी पार्लरमध्ये दिवसभर चाललेले आणि पुढे गोदामात किंवा भंगाराच्या ढिगात पडून राहिलेले हे माणसाच्या उंचीचे लाकडी खोके कोणीतरी उचलून आणतो. प्लायवूडला नवा सनमायका लावतो, बटणे बदलतो, गुंतलेल्या वायरी सोडवून नीट बांधतो. एवढे सगळे होऊनही बहुतेक मशिनांवर दोन गोल भोके तशीच राहतात. एक पुढे, गुडघ्याच्या उंचीवर, ज्या लोखंडी दारामागे नाणी साठत त्या दारात. दुसरे पाठीमागच्या मोठ्या फळीत. दोन्ही ठिकाणी पूर्वी कुलूप होते. चावी सापडेना म्हणून कोणीतरी ते ड्रिलने फोडले आणि नंतर पुन्हा बसवायचे राहून गेले. घरच्या मशीनमध्ये कोणी पैसे टाकणार नाही, मग कुलूप कशाला, असे म्हणून भोकावर चिकटपट्टी लावली जाते किंवा दार नुसते लोटून ठेवले जाते. माझे म्हणणे असे, की ही कुलपे परत बसवलीच पाहिजेत, आणि त्यातही मागच्या दाराचे आधी. या म्हणण्याचा पुरावा शोधायला आकुर्डीहून लांब जावे लागत नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात कुलूप चोराला अडवते तसे माणसाचा हातही वाचवते, आणि इथल्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी ते रोज पाहत असते.

पार्लरच्या काळात या कुलपाचे काम सरळ होते. रुपयाचे नाणे आत पडे, एक डाव मिळे. कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ आपल्याकडे त्यातल्या एका पात्रावरून ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला, आणि त्या एका नावावर कितीतरी पार्लर चालली. खेळणाऱ्याच्या वाट्याला दांडी, बटणे आणि काचेपलीकडचा पडदा येई. बाकी सगळे मशीन त्याला बंद. चावी मालकाच्या कमरेला, कारण दिवसाची कमाई त्या दारामागे. हा धंदा जन्मला तेव्हापासूनच नाण्यांचा डबा त्याच्या मध्यभागी होता. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथे अँडी कॅप्स टॅव्हर्न या मद्यगृहात अटारीने ‘पाँग’चे पहिले मशीन ठेवले. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. ते घडवणारे अभियंते ॲल अल्कॉर्न यांनी जाऊन उघडले, तेव्हा विजेच्या भागात काहीच बिघडलेले नव्हते. नाणी भरून ओसंडल्याने यंत्रणा अडकली होती. त्या दाराची चावी ज्याच्याकडे, त्याचाच धंदा. म्हणून पुढच्या दाराच्या कुलपाला मालक जपत आणि मागच्या दाराच्या कुलपाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नसे. पार्लर बंद पडली तेव्हा या चाव्या कोणी मशीनसोबत सांभाळून दिल्या नाहीत. नाणी काढून घेतली, की मालकाच्या लेखी कुलपाचे काम संपलेले होते.

आजच्या घरी तर ते काम खरोखरच संपले आहे. १९९२ पासून चाललेला स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा होता. २०११ मध्ये आलेला रुपया २२ मिलिमीटरचा आहे. जुन्या मशीनमधली नाणे पारखणारी यंत्रणा नाण्याचा व्यास आणि वजन पाहून ते आत घेते, त्यामुळे जुन्या रुपयासाठी जुळवलेल्या मशीनला आजचा रुपया मुळात ओळखूच येणार नाही. घरमालक आतल्या बाजूला एक बटण जोडतो, ते दाबले की डाव सुरू. अशा मशीनच्या पुढच्या दारामागे रिकामा डबा असतो, आणि रिकाम्या डब्याला कुलूप लावणे हे नुसते सोंग आहे, असा पहिला आक्षेप येतो. पुढच्या दारापुरता तो मला बराचसा मान्य आहे. पण त्यात एक गृहीतक लपलेले आहे, की मशीनवरची दोन्ही कुलपे एकाच कामासाठी होती. तसे नव्हते. मागच्या दारामागे पैसा कधीच नव्हता. तिथे काय होते आणि आजही काय आहे, ते एकदा नीट पाहिले पाहिजे.

मागची फळी काढली, की समोर पिक्चर ट्यूबची निमुळती पाठ येते. ट्यूबच्या वरच्या अंगाला रबराची एक काळी टोपी चिकटलेली असते आणि तिच्यात एक जाड लाल वायर शिरते. १९-२० इंची रंगीत ट्यूबमध्ये त्या टोपीखाली वीसेक हजार व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब असतो. मशीन बंद करून प्लग काढला तरी ट्यूबच्या काचेत हा भार काही काळ टिकून राहतो; दुरुस्ती करणारा म्हणूनच आधी जमिनीशी जोडलेल्या वायरीने तो उतरवतो आणि मगच टोपीला हात लावतो. खाली तळाशी वीजपुरवठ्याची जाळीदार पेटी असते. तिच्या एका कडेला स्क्रूंची रांग असते, आणि त्यातल्या दोन स्क्रूंवर घरातली २३० व्होल्टची वीज उघडी येऊन बसलेली असते. त्यावर प्लास्टिकची पट्टी असायला हवी. जुन्या मशिनांत ती बहुधा तुटून गेलेली असते. ट्यूब काढून सपाट पडदा बसवला म्हणजे हा प्रश्न मिटला, असे काहीजण म्हणतात. वरचा धोका त्याने जातो, खालचे दोन स्क्रू तसेच राहतात. आता हे खोके दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभे आहे आणि लहान मुलांना ते खेळणे वाटते, कारण ते खेळणेच आहे. मुलाचा चेंडू मागे गेला, फळी सरकली, आत पिवळा दिवा लुकलुकताना दिसला, की हात आत जाणारच. यात मुलाचा दोष काढता येत नाही. जे खेळायला दिले त्याची पाठ उघडी ठेवणारा मोठा माणूस त्याला जबाबदार.

जुन्या मशिनांच्या रचनाकारांना हे माहीत होते. अटारीच्या अनेक मशिनांत दाराच्या मागे एक छोटा स्विच बसवलेला असे. दार मिटलेले असेल तर त्याची दांडी दाबलेली राही आणि वीज चालू; दार उघडले, की दांडी सुटे आणि वीज तुटे. चालू मशीन तपासायची वेळ आली, तर दुरुस्तीवाल्याला ती दांडी बाहेर ओढून ठेवता येई. म्हणजे एका दाराला दोन पहारे होते. कुलूप ठरवी की दार कोण उघडणार. स्विच ठरवी की उघडल्यावर आतली वीज राहणार की जाणार. जुन्या मशीनमध्ये बहुतेकदा हा स्विच निकामी झालेला किंवा वायरी थेट जोडून वगळलेला असतो, कारण पार्लरमध्ये कोणालातरी पुन्हा पुन्हा आत डोकवावे लागे आणि तेवढ्यासाठी मशीन बंद होणे परवडत नसे. दुसरा पहारा गेलेला असताना पहिलाही काढून टाकला, तर २३० व्होल्ट आणि मुलाचा हात यांच्यामध्ये एक लोटलेली फळी उरते. कुलपाच्या बाजूने यापेक्षा मोठा युक्तिवाद मला सुचत नाही, आणि कारखान्यात काम करणाऱ्या कोणालाही तो ऐकवण्याची गरज पडू नये.

कारण हाच प्रश्न या पट्ट्यात रोज सोडवला जातो. भोसरीच्या किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात पॉवर प्रेसमध्ये तुकडा अडकला आणि मेंटेनन्सच्या फिटरला आत हात घालायचा आहे, असे समजू. जिथे नियम पाळले जातात तिथे तो आधी मेन स्विचचे हँडल खाली ओढतो. हँडलच्या भोकात तो एक लोखंडी पकड अडकवतो. तिला बहुधा सहा भोके असतात. एका भोकात तो स्वतःचे लाल कुलूप लावतो आणि त्याला आपल्या नावाचा टॅग बांधतो. सोबत इलेक्ट्रिशियन असेल तर त्याचे कुलूप दुसऱ्या भोकात, हेल्परचे तिसऱ्या. ज्याची चावी त्याच्या खिशात. मग साठलेली हवा सोडतात, वरचा जड भाग खाली येऊ नये म्हणून ठोकळा लावतात, आणि एकजण मुद्दाम स्टार्टचे बटण दाबून बघतो. मशीन हलले नाही, म्हणजेच आत हात घालायचा. काम संपल्यावर जो तो आपले कुलूप काढतो. शेवटचे कुलूप निघेपर्यंत त्या मशीनला वीज मिळू शकत नाही. या पद्धतीला कारखान्यांत ‘लोटो’ म्हणतात. अमेरिकेत १९८९ मध्ये तिचा स्वतंत्र नियम झाला. आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात २१ वे कलम यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा घालण्याचे आणि २२ वे चालत्या यंत्राजवळच्या कामाचे होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. लाल कुलूप या सगळ्याचे हाताला लागणारे रूप आहे.

त्या लाल कुलपात चावीची जागा बदलली आहे, आणि माझ्या मते सगळे सार तिथेच आहे. पार्लरच्या कुलपाची चावी ज्याचा पैसा आत होता त्याच्याकडे होती. लाल कुलपाची चावी ज्याची बोटे आत आहेत त्याच्याकडे असते. मालक असो, सुपरवायझर असो, उत्पादन कितीही खोळंबलेले असो, दुसऱ्याचे कुलूप कोणी काढायचे नाही. कुलूप म्हटले, की कामगारांच्या वस्तीत आधी कारखान्याचे बंद फाटक आठवते, आणि तो आक्षेप मी हलका मानत नाही. आकुर्डीने ते जवळून पाहिले आहे. चेतक स्कूटर जिथे घडली त्या बजाजच्या आकुर्डी प्रकल्पातले उत्पादन २००७ मध्ये थांबले. त्याच आवारात इलेक्ट्रिक चेतकसाठी नवा प्रकल्प उभा राहायला जून २०२२ उजाडले. फाटकाची चावी कधीच कामगाराच्या खिशात नसते. म्हणूनच लाल कुलूप मला महत्त्वाचे वाटते. तेच लोखंड, तीच पितळी चावी, पण ती कोणाच्या खिशात आहे यावरून तिचा अर्थ उलटा होतो. आणि हा अर्थ जिथे पाळला जात नाही तिथे काय होते, तेही या पट्ट्याला माहीत आहे. वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांतल्या अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते, आणि त्यांत बोटे गमावलेल्या कामगारांच्या संदर्भात पॉवर प्रेसचे नाव पुन्हा पुन्हा येते. प्रेसच्या जाळीला बसवलेला सुरक्षेचा स्विच वायरीने बांधून ठेवणे, कारण जाळी उघडताच मशीन थांबते आणि नग कमी निघतात, ही जुन्या गेमच्या मशीनमधल्या वगळलेल्या स्विचचीच गोष्ट आहे. फरक एवढाच की इथे किंमत बोटांनी चुकवावी लागते.

आता घरातला आक्षेप. आपल्याच घरात, आपल्याच माणसांपासून एखादी वस्तू कुलपात ठेवायची, यात अविश्वास नाही का? मराठी घराला कुलूप परके नाही. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, आणि पुढे त्याच नावाचे लोखंडी कपाट घरोघरी आले. त्या कपाटात आणखी एक लॉकर, त्याची वेगळी चावी, आणि ती घरातल्या एका बाईच्या ताब्यात. त्यात दागिने असतात, म्हणून कोणाला अपमान वाटत नाही. पण कपाटाचा दाखला देऊन मी सुटू पाहत नाही, कारण तिथे शेवटी मौल्यवान वस्तूच राखली जाते, आणि मौल्यवान वस्तू राखताना घरातल्या कोणावर तरी थोडा संशय येतोच. मशीनच्या मागच्या दाराचे तसे नाही. तिथे आतून कोणी काही नेईल ही भीती नाही. ज्याला धोका कळत नाही त्याचा हात तिथे पोचू नये, आणि ज्याला कळतो त्याने आत जाताना एक क्षण थांबावे, एवढेच काम. चावी फिरवायला लागणारा तो क्षण प्लग काढला आहे का हे आठवायला पुरतो. हा थांबा मोठ्या माणसालाही हवा असतो. लाल कुलूप नवशिक्या हेल्पर लावतो तसे वीस वर्षे काम केलेला फिटरही लावतो, आणि तो स्वतःवर अविश्वास दाखवतो असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे. अशा मशिनांना बसतात ती कुलपे फारशी मजबूत नसतात. परदेशी मशिनांवर बहुधा गोल नळीच्या चावीचे कुलूप असते. चावीच्या तोंडावर खाचा असतात आणि त्या आतल्या पिना ठरावीक खोलीपर्यंत दाबतात. या जातीच्या कुलपांची जुनी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी १७८४ मध्ये नळीच्या चावीच्या कुलपाचे पेटंट घेतले, आणि ते उघडून दाखवणाऱ्याला दोनशे गिनींचे बक्षीस लावून कुलूप दुकानाच्या खिडकीत ठेवले. ते पहिल्यांदा उघडले १८५१ मध्ये. अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आल्फ्रेड हॉब्स यांना त्यासाठी ५१ तास लागले, आणि ते काम सोळा दिवसांत पसरलेले होते. याउलट २००४ मध्ये क्रिप्टोनाइट कंपनीची सायकलची महागडी कुलपे साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात हे उघड झाले आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. म्हणजे नळीचे कुलूप सोळा दिवसही टिकू शकते आणि काही सेकंदांतही हार मानू शकते. चोराला अडवायचे असेल तर हा फरक मोठा आहे. सहा वर्षांच्या मुलाला, पाहुण्यांच्या उत्साही पोराला किंवा घाईत असलेल्या आपल्यालाच अडवायचे असेल, तर त्याला काही अर्थ उरत नाही. प्रेसजवळच्या लाल कुलपातही सहसा प्लास्टिकचे अंग असते. ते तोडणे कठीण नाही. तोडायला मुद्दाम हत्यार आणावे लागते, यातच त्याचे यश आहे. चुकून होणारी गोष्ट त्याने थांबते, आणि घरातले अपघात बहुतेक चुकूनच होतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मागची फळी चार स्क्रूंनी घट्ट बसवून टाकावी, कुलपाची कटकटच नको. मुलाचा हात स्क्रूनेही अडतो, हे खरे आहे. पण जुन्या मशीनला वारंवार उघडावे लागते. धूळ साठते, पंखा अडकतो, झुरळे आणि उंदीर वायरी कुरतडतात, बोर्ड आणि वायरिंग जोडणारा छप्पन्न टोकांचा जोड सैल होतो. १९८५ पासून रूढ झालेला तो जोड अनेकदा नुसता काढून, पुसून, परत लावला तरी मशीन सुरू होते. दर वेळी चार स्क्रू काढावे लागले, की दोन गोष्टी घडतात. एक तर माणूस उघडायचा कंटाळा करतो आणि मशीन आतून खराब होत जाते. नाहीतर तो दोनच स्क्रू लावू लागतो, मग एक, मग प्लायवूडमधले भोक सैल होऊन तोही निघतो, आणि फळी पुन्हा लोटलेली. वापरायला अवघड असलेली सुरक्षा माणसे बाजूला सारतात. प्रेसच्या जाळीच्या बाबतीत हेच झाले. चांगले कुलूप योग्य माणसाला दोन सेकंदांत आत जाऊ देते आणि बाकीच्यांना अजिबात नाही. स्क्रू सगळ्यांना सारखेच अडवतो, आणि शेवटी कोणालाच अडवत नाही.

म्हणून काम कसे करायचे तेही सांगितले पाहिजे, कारण कुलूप चुकीचे बसले तर ते नसल्यासारखेच असते. लागणारी वस्तू महाग नाही आणि दुर्मीळही नाही. निगडी-आकुर्डी प्राधिकरणातल्या कोणत्याही सोसायटीच्या जिन्याखाली टपालपेट्यांची रांग असते, तिच्या छोट्या दारांना याच घराण्याचे कुलूप असते. हार्डवेअरच्या दुकानात ते ‘कॅम लॉक’ म्हणून मिळते. पुढून गोल तोंड, मागे आटे पाडलेले अंग, त्यावर नट, आणि टोकाला एक लोखंडी पट्टी. चावी फिरली की पट्टी फिरते आणि चौकटीच्या मागे जाऊन अडकते. विकत घेण्याआधी तीन मापे घ्यायची. भोकाचा व्यास, जो बहुधा १९ मिलिमीटर असतो. दाराची जाडी: नाण्यांच्या दाराचा पत्रा पातळ, त्याला सोळाएक मिलिमीटर लांबीचे कुलूप पुरते, मागची फळी अठरा मिलिमीटर प्लायवूडची असेल तर अठ्ठावीस-तीस मिलिमीटरचे लागते. आणि तिसरे, फळीच्या मागून चौकटीपर्यंतचे अंतर, ज्यावरून पट्टी सरळ हवी की बाक दिलेली, ते ठरते. मूळ भोकाच्या दोन बाजू सपाट असतात, कुलपाच्या अंगाच्याही. दोन्ही जुळले म्हणजे चावीबरोबर अख्खे कुलूप फिरत नाही. जुने कुलूप ड्रिलने फोडताना प्लायवूडचे हे सपाट काठ बहुधा निघून गेलेले असतात आणि भोक पूर्ण गोल झालेले असते. तिथे नट कितीही आवळला तरी महिन्याभरात कुलूप गरगरू लागते. त्यावर उपाय म्हणजे दोन मिलिमीटर पत्र्याची हातभर नव्हे, तळहाताएवढी पट्टी घेऊन तिच्यात सपाट काठांचे भोक कापायचे आणि ती फळीच्या आतून चार स्क्रूंनी बसवायची. लेझर कटिंग करणाऱ्या शेडमध्ये हे किरकोळ काम आहे. कानस हाताळता येत असेल तर घरीही होते. जुन्या कुलपाचा अवशेष अजून अडकलेला असेल आणि तो ड्रिलने काढायचा असेल, तर आधी प्लग काढावा आणि आतल्या बोर्डावर कापड टाकावे, कारण लोखंडाचा एक बारीक कीस दोन टोकांमध्ये पडला की बोर्ड जळायला तेवढे पुरते.

मग चाव्यांचा प्रश्न येतो, आणि तिथे माझे मत बाजारातल्या सोयीच्या विरुद्ध आहे. एकाच चावीने उघडणारी दोन कुलपे जोडीने मिळतात, आणि एकच चावी सांभाळायची म्हणून ती घ्यावीशी वाटतात. पार्लरमालकाला ते योग्य होते, त्याच्या दहा मशिनांना एकच चावी लागे. घरी मात्र दोन दारांची जोखीम वेगळी आहे, म्हणून चाव्याही वेगळ्या असाव्यात. पुढच्या दारामागे रिकामा डबा आणि डाव सुरू करायचे बटण. त्याची चावी मुलाच्या हाती द्यायला हरकत नाही, उलट द्यावीच. यंत्राचा एक भाग आपल्या ताब्यात आहे, तो नीट उघडायचा आणि नीट मिटायचा, हे शिकायला ती चांगली सुरुवात आहे. मात्र त्या दाराच्या आतून तळातल्या वीजपुरवठ्यापर्यंत हात पोचत असेल, तर मध्ये आधी एक फळी ठोकून वाट बंद करायची. मागच्या दाराची चावी मोठ्याकडे. मुलगा मोठा झाला, प्लग काढण्याची आणि भार उतरवण्याची शिस्त त्याच्या हाताला लागली, की तीही त्याची. दोन्ही चाव्यांवरचा क्रमांक कागदावर उतरवून ठेवावा आणि दुसरी प्रत मशीनपासून लांब ठेवावी. नाहीतर पुन्हा चावी हरवेल, पुन्हा ड्रिल येईल आणि पुन्हा एक भोक उरेल. नवे कुलूप लावले तर मशीनचे जुनेपण जाते, अशी हळहळ काही संग्राहकांना वाटते. मूळच्या जातीचे कुलूप मिळत असेल तर जरूर तेच लावावे. पण मशीन जसे होते तसे जपायचे, हाच निकष मानला तर ते कुलूपबंद होते, हेही जपावे लागेल. भोक हा त्याच्या मूळ रूपाचा भाग नाही. कोणीतरी केलेली मोडतोड आहे ती.

या पट्ट्यात इतकी माणसे रोज शिफ्टला जाताना दुसऱ्याच्या यंत्राजवळ सावध राहायला शिकतात. ती शिस्त फाटकाशी सोडून घरी यायचे काही कारण नाही. घरातली वीज कारखान्यातल्या विजेइतकीच निर्दय आहे, आणि घरी सुपरवायझर नाही, टॅग नाही, तपासणी नाही. जे काही आहे ते आपणच ठरवलेले. म्हणून जुने मशीन घेणाऱ्याने रंग आणि आवाज यांच्या आधी मागचे दार बघावे, आणि विकणाऱ्याने चावीशिवाय मशीन हातातून सोडू नये. चावी दिली म्हणजे आत काय आहे हे सांगावे लागते, कुठे हात लावायचा नाही हे दाखवावे लागते, आणि घेणाऱ्यालाही ते ऐकून घ्यावे लागते. पार्लरची मशिन्स बंद पडली तेव्हा एवढेच संभाषण कोणी केले नाही. ते आता केले, तर त्या खोक्याचा धनी बदलतो तेव्हा त्याची जबाबदारीही खरोखर हस्तांतरित होते. कुलपाची किंमत दोन-चार कप चहाहून फार नाही. त्यासोबत जी जबाबदारी येते ती उचलायची तयारी नसेल, तर मशीन घरी न आणणेच बरे.